हिमनदी-हिमटोपी प्रतिकृती संच : वर्षभर वर्गात वापरल्यानंतरचा अभिप्राय

चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यात, एका अंगाला पऱ्हाटीची वावरे आणि दुसऱ्या अंगाला चुनखडीच्या खाणी असलेल्या गावात मी उच्च प्राथमिक वर्गांना भूगोल शिकवते. गेल्या वर्षी शाळेच्या निधीतून आणि काही पालकांच्या मदतीने आम्ही हिमनद्यांविषयीचा एक प्रतिकृती संच ३,८५० रुपयांना मागवला. मागवण्यापूर्वी त्याच्याविषयी मराठीत लिहिलेले काहीही वाचायला मिळाले नव्हते. आमच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या शाळेची तशी अडचण होऊ नये, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही. अशा घडणीचे संच अनेक जण विकतात आणि मला जे सांगायचे आहे ते कोणताही संच निवडताना उपयोगी पडावे.

संचात सुमारे ६० सेंटिमीटर लांबीचे तीन फायबरचे उठावफलक आहेत: दरीतील हिमनदी, हिमटोपी (प्रदेश घुमटासारखा झाकणारा बर्फ) आणि हिमचादर (तसाच, पण त्याहून खूप मोठा बर्फ). त्यांच्याबरोबर बर्फ म्हणून वापरायच्या निळसर पांढऱ्या, रबरासारख्या लगद्याचे दोन डबे, रंगीत टाचण्या आणि एक पुस्तिका मिळते. बांधणी चांगली होती. तालुक्याच्या ठिकाणाहून दुचाकीवर आणूनही काही तुटले नाही.

संच पारखताना माझ्यासमोर एकच प्रश्न होता. आमच्या मुलांनी बर्फ पाहिलेला आहे तो आठवडी बाजारातील गोळ्याच्या गाडीवर, रसवंतीत पोत्याखाली झाकून ठेवलेल्या लादीच्या रूपात, आणि फाल्गुनात गारपीट झालीच तर अंगणात. उन्हाळ्यात ज्यांच्या डोक्यावरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या मुलांना बर्फ घन असूनही वाहतो, आणि दरीत वाहणारा बर्फ व संपूर्ण प्रदेश झाकून बसलेला बर्फ हे केवळ लहान-मोठे नसून वागणुकीने वेगळे असतात, या दोन गोष्टी या संचामुळे समजतात की नाही? पहिली गोष्ट हा संच उत्तम समजावतो. दुसरीही समजावू शकतो, परंतु त्यासाठी शिक्षकाला त्यातील एक ठळक चूक स्वतःच्या हाताने दुरुस्त करावी लागते.

पहिला फलक दरीतील हिमनदीचा आहे आणि तो या संचातील सर्वांत यशस्वी भाग आहे. वरच्या बाजूला वाटीसारखे हिमगव्हर, म्हणजे हिम साचण्याचा खळगा, तेथून उतरत जाणारी वळणदार दरी आणि बाजूने येऊन मिळणारी लहान उपदरी, असा तो घडवलेला आहे. हिमगव्हरात लगदा भरून ठेवला की तो अगदी सावकाश, पाहता पाहता कळणार नाही अशा गतीने, दरीत उतरू लागतो. लगद्यावर आडव्या ओळीत टाचण्या टोचून ठेवल्या, तर अर्ध्या तासाने ती सरळ ओळ मध्यभागी पुढे फुगलेली दिसते. दरीच्या भिंतींशी घासणारा बर्फ मागे राहतो आणि मधला पुढे जातो. हिमनद्यांचे अभ्यासक लुई अगासी यांनी १८४०च्या दशकात स्वित्झर्लंडमधील उंटरआर हिमनदीवर खुणेचे खांब ओळीने रोवून हेच पाहिले होते, आणि त्यांना ज्यासाठी अनेक उन्हाळे त्या बर्फावर काढावे लागले ते आमच्या सहावीच्या वर्गाने मधल्या सुट्टीच्या आधी पाहिले. उपदरीतील लगदा मुख्य प्रवाहाला मिळतो तेथे दोन्हींमधील सीमा खालपर्यंत रेघेसारखी टिकून राहते. त्या सीमेवर आम्ही चिमूटभर माती टाकली, तेव्हा मध्य हिमोढ, म्हणजे दोन हिमनद्या मिळतात तेथून मधोमध जाणारी दगडमातीची रांग, कसा तयार होतो हे शब्दांनी सांगण्याची गरजच उरली नाही.

या फलकाच्या आधारे एक गैरसमजही दूर करता आला, ज्याचा पुस्तिकेत उल्लेखसुद्धा नाही. हिमनदी मागे सरकते असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो, आणि मुलांना वाटते की बर्फ उलटा चढून डोंगरात परत जातो. प्रत्यक्षात बर्फ खालीच येत असतो. खालच्या टोकाला तो जेवढा येतो त्याहून अधिक वितळू लागला की ते टोक मागे गेलेले दिसते. लगदा वाहत असतानाच खालच्या टोकाकडून चमच्याने तो काढत राहिले की हे सहज दाखवता येते. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचे गोमुखाजवळचे टोक मागे हटत आहे, याचा अर्थ मुलांना तेव्हा नीट लागला. वरच्या भागात वर्षाकाठी जमा होणारे हिम आणि खालच्या भागात होणारी घट यांचा हिशेब जेथे शून्य होतो, ती समतोल रेषा फलकावर निळ्या रंगाने दाखवलेली आहे, याबद्दल घडवणाऱ्यांचे खरोखर कौतुक करावेसे वाटते.

मात्र हा बर्फ मुळात तयार कसा होतो, या बाबतीत संच फारच तोकडा आहे. पुस्तिकेत त्यासाठी चार ओळी आहेत, आणि त्यांतील एक ओळ हिमनदी म्हणजे गोठलेली नदी, असे सांगते. हे सर्वस्वी चुकीचे आहे. हिमनदी पाणी गोठून होत नाही. ती साचलेले हिम दाबले जाऊन होते. आपल्या भाषेत हिम आणि बर्फ असे दोन शब्द आहेत ही आपली सोयच आहे, कारण या विषयाचे मर्म त्या दोन शब्दांमधल्या अंतरातच आहे.

येथे मी संच बाजूला ठेवून कापूस घेतला. आमच्या मुलांना बंडीत रचलेला मोकळा कापूस माहीत आहे आणि जिनिंग-प्रेसिंगमधून निघणारी १७० किलोची आवळलेली गठाणही माहीत आहे. नुकत्याच पडलेल्या, मऊ, भुसभुशीत हिमाचे एक घनमीटर उचलले तर त्याचे वजन बहुधा ५० ते १०० किलोच्या आसपास भरते. बाकी सगळी हवा. त्यावर पुढच्या हिवाळ्यांचे थर पडत जातात, खालच्या स्फटिकांची टोके झिजतात, कण गोलसर होतात, एकमेकांना चिकटतात. एक उन्हाळा टिकून राहिलेल्या या कणीदार हिमाला फिर्न म्हणतात, आणि त्याचे घनमीटरला वजन ४०० किलोंपासून पुढे वाढत जाते. ते ८३० किलोंच्या आसपास पोचले की कणांमधल्या हवेच्या वाटा बंद होतात, उरलेली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते, आणि तेव्हा त्याला हिमनदीचा बर्फ म्हणायचे. गठाण आणि हिम यांत एक फरक मात्र सांगायलाच हवा. गठाणीच्या पट्ट्या कापल्या की कापूस पुन्हा फुलतो. बर्फाचे कण एकमेकांत जुळून गेलेले असतात, ते दाब काढला तरी मोकळे होत नाहीत.

कण असे एकमेकांत जुळतात हे दाखवायला गारपिटीने आम्हाला मदत केली. मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी गारा पडल्या, हरभऱ्याचे नुकसान झाले आणि वाऱ्याने लोटलेल्या गारांचा ढीग एका धुऱ्याच्या आडोशाला दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला. सकाळी मुलांनी तो उकरला तेव्हा वर सुट्या गारा होत्या आणि खाली त्याच गारांचा एकसंध गोळा झालेला होता. त्यात थोडे वितळणे आणि पुन्हा गोठणेही होते, आणि ओलसर डोंगराळ प्रदेशांत हिमाचे बर्फात रूपांतर काही वर्षांत किंवा काही दशकांत होते त्यामागे वितळलेल्या पाण्याचा असाच हात असतो. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पाण्याची ही मदत नाही आणि हिमही अतिशय कमी पडते. तेथे केवळ वरच्या भाराने हेच काम व्हायला काही हजार वर्षे लागू शकतात. तेथील बर्फात कोंडलेली हवा म्हणूनच इतकी जुनी आहे की युरोपीय शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकात खोदून काढलेल्या एका बर्फस्तंभातून सुमारे ८ लाख वर्षांची वातावरणाची नोंद मिळाली. पुस्तिकेतील चार ओळींच्या जागी निर्मात्यांनी यासाठी दोन पाने दिली असती, तर संचाची योग्यता दुपटीने वाढली असती.

आता दुसऱ्या फलकाकडे येते. याची रचना सुंदर आहे: वर पांढऱ्या घुमटाचे झाकण आणि ते उचलले की खाली टेकड्या व दऱ्या असलेली जमीन. लगदा मध्यभागी ठेवला की तो दरी शोधत बसत नाही. टेकड्या बुडवतो आणि चारही दिशांना पसरतो. बर्फ पुरेसा जाड झाला की तो जमिनीच्या उतारापेक्षा स्वतःच्या पृष्ठभागाच्या उतारानुसार वाहू लागतो, आणि तळाशी प्रसंगी चढणसुद्धा चढतो. हिमटोपीचे खरे लक्षण हेच आहे. सातवीतील एक मुलगी हे पाहून म्हणाली, "मॅडम, पहिल्या फळीवर दरी सांगते तिकडं बर्फ जाते, अन् इथं तर बर्फानं दरीलेच झाकून टाकलं." मला यापेक्षा नेमके वाक्य सुचले नसते.

परंतु याच फलकावर ती ठळक चूक आहे. झाकणाच्या अगदी मधोमध दोन काळी, टोकदार शिखरे बाहेर काढलेली आहेत आणि खाली हिमटोपी असे लिहिलेले आहे. हिमटोपीच्या कडेला एखादे शिखर डोके वर काढते, ते ठीक. पण शिखरांच्या रांगाच बर्फातून वर येऊन त्याला वाट दाखवत असतील, तर त्याला हिमक्षेत्र म्हणतात. पुस्तिकेने या चुकीत भर घालून हिमनदी, हिमटोपी आणि हिमचादर यांतील भेद केवळ क्षेत्रफळावर ठरवलेला आहे. क्षेत्रफळाची रेषा खरी आहे, पण ती फक्त हिमटोपी आणि हिमचादर यांच्यामध्ये आहे: ५०,००० चौरस किलोमीटरपर्यंत हिमटोपी, त्याहून मोठी ती हिमचादर. आपला विदर्भ सुमारे ९७,००० चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे अर्ध्याहून अधिक विदर्भ एकसंध झाकणारा बर्फ असला तरच त्याला हिमचादर म्हणता येईल. आज पृथ्वीवर अशा दोनच आहेत, ग्रीनलंडची आणि अंटार्क्टिकाची.

हिमक्षेत्र आणि हिमटोपी यांतील भेद मात्र आकाराने ठरत नाही. आइसलंडमधील वात्नायोकुल ही हिमटोपी सुमारे ७,७०० चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे आपल्या चंद्रपूर जिल्ह्याच्या साधारण दोन-तृतीयांश. दक्षिण अमेरिकेतील दक्षिण पॅटागोनियाचे हिमक्षेत्र १२,००० चौरस किलोमीटरहून मोठे आहे, तरी ती हिमटोपी नाही, कारण तेथे अँडीजच्या रांगा बर्फात बुडालेल्या नाहीत. आणि पेरूमधील केल्काया या दोन्हींहून कितीतरी लहान, तीही उष्ण कटिबंधात, परंतु ती पाच हजार मीटरहून उंच सपाट पठारावर घुमटासारखी बसली आहे, म्हणून ती हिमटोपी. हिमालयात आणि त्याच्या पलीकडच्या काराकोरम रांगेत इतका बर्फ असून तेथे हिमटोप्या का नाहीत, याचे उत्तरही येथेच मिळते: तीव्र उतारावर साचलेले हिम घुमट होईपर्यंत थांबत नाही, ते दरीत उतरते आणि काराकोरममधील सियाचीनसारखी ७६ किलोमीटर लांबीची हिमनदी बनते. उलट तिबेटच्या उंच पठाराच्या वायव्य भागात, कुनलुन पर्वतात, गुलिया नावाची हिमटोपी आहे. जमीन सपाट आणि उंच असेल तर बर्फ टोपी घालतो. ती चिरलेली असेल तर तो वाट धरतो.

आम्ही पुठ्ठ्याची चकती कापून, तिच्यावर कापसाचा थर चिकटवून ती शिखरे झाकली आणि कडेला मात्र दोन-तीन दऱ्यांतून कापसाच्या जिभा खाली सोडल्या. हेही महत्त्वाचे आहे, कारण हिमटोपी आणि हिमनदी हे दोन वेगळे पदार्थ नाहीत. वात्नायोकुलच्या कडांवरून सुमारे तीस हिमनद्या बाहेर पडतात. मधे टोपी आणि कडेला नद्या, असे ते एकच शरीर आहे. दुरुस्ती सोपी होती आणि अर्ध्या तासात झाली, तरी ती ग्राहकाला करावी लागावी, हे बरोबर नाही. मी उत्पादकाला सविस्तर पत्र लिहिले आहे.

तिसऱ्या फलकावर अंटार्क्टिकाचा आडवा छेद आहे. रंगसंगती चांगली आहे, समुद्रावर तरंगणारा हिमतट स्पष्ट दिसतो, आणि त्या निमित्ताने १९८३-८४च्या मोहिमेत भारताने उभारलेल्या दक्षिण गंगोत्री केंद्राची हकीकत सांगता येते. ते केंद्र अशाच हिमतटावर होते, काही वर्षांत हिमाखाली गाडले गेले, आणि त्यानंतरचे मैत्री केंद्र उघड्या खडकावर बांधावे लागले. हिम साचत जाते आणि खालचे खाली दबत जाते, याचा इतका जवळचा पुरावा मुलांना दुसरा देता आला नसता.

या फलकाची अडचण प्रमाणाची आहे. बर्फ हाताच्या तीन बोटांएवढा जाड दाखवला आहे आणि उंची वाढवून दाखवल्याचे कोठेही लिहिलेले नाही. आठवीच्या मुलांना मी गणित घातले. खंडाची रुंदी साधारण ४,५०० किलोमीटर धरली आणि ती ६० सेंटिमीटरमध्ये बसवली, तर बर्फाची सरासरी सुमारे २ किलोमीटर जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास येते. जेथे ती सर्वाधिक, सुमारे ४,८०० मीटर आहे, तेथेही पाऊण मिलिमीटर भरत नाही. वहीची काही पाने एकमेकांवर ठेवली की झाले. हिमचादर हे नाव किती योग्य आहे, हे त्या पानांकडे पाहून कळले. आणि त्या पानांत इतके पाणी आहे की ते सगळे वितळले तर जगातील समुद्रांची पातळी सुमारे ५८ मीटरने वाढेल. ग्रीनलंडचे सुमारे ७ मीटर वेगळे.

लगद्याविषयी एक सूचना, जी थंड प्रदेशातील ग्राहकांना लिहावी लागणार नाही. डिसेंबरच्या सकाळी आमच्या वर्गात तो अर्ध्या तासात चार बोटेही सरकला नाही, आणि एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतसुद्धा दहा मिनिटांत फलकावरून टेबलावर उतरला. सुरुवातीला मला हा दोष वाटला, पण खऱ्या बर्फाचेही असेच आहे. उणे २० अंशांवरील बर्फ ताठ असतो, शून्याजवळचा बर्फ त्याच भाराखाली कितीतरी सहज वाकतो. शिवाय जेथे तळाशी पाणी असते तेथे हिमनदी तळावरून घसरतेही. तळ खडकाला गोठून चिकटलेला असेल तर तिला केवळ आतल्या आत वाकूनच पुढे जावे लागते. डिसेंबरमध्ये आणि एप्रिलमध्ये सारखाच लगदा, सारखाच फलक घेऊन टाचण्यांचे अंतर मोजले आणि दोन्ही नोंदी भिंतीवर लावल्या. उन्हाळ्यात डबे पाणी शिंपडलेल्या ओल्या पोत्यात ठेवले तर लगदा आटोक्यात राहतो.

शेवटी त्या गोष्टीविषयी, जी संचात नाही आणि असणे शक्यही नाही, पण जिच्यामुळे आम्हाला तो खऱ्या अर्थाने लागू पडला. आमच्याच भागात, पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ, चुनखडकाचा एक घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग आहे आणि त्यावर एकमेकांना समांतर अशा रेघा व चरे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फेडन यांनी १८७०च्या दशकात ते ओळखले: हे ओरखडे बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी काढलेले आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, भारत गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग म्हणून दक्षिणेकडे बराच दूर असताना, ही भूमी बर्फाखाली होती. त्या बर्फाने टाकलेल्या गोट्यांच्या व गाळाच्या थराला, ओडिशातील तालचेर या ठिकाणावरून, तालचीर असे नाव आहे; आणि वर्धा खोऱ्यातील ज्या कोळशावर आमच्या आजूबाजूच्या खाणी चालतात तो कोळसा त्याच्या वरच्या, म्हणजे बर्फ गेल्यानंतरच्या थरांतला आहे.

जानेवारीत पाणी ओसरल्यावर आम्ही मुलांना तेथे नेले. बरोबर पहिला फलक होता. लगद्याच्या तळाला बारीक खडे टोचून तो आम्ही मेणाच्या थरावरून ओढला आणि मेणावर उमटलेल्या रेघा खडकावरच्या रेघांशेजारी ठेवल्या. त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सगळी मुले एकदम बोटांनी ते चरे चाचपू लागली. त्या तालचीर बर्फाला टोपी म्हणायचे की चादर, असे एका मुलाने विचारले. गोंडवनाच्या आज विखुरलेल्या खंडांवर, म्हणजे दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका या सर्वांवर, त्या काळातील बर्फाच्या अशाच खुणा आहेत. त्यामुळे तो बर्फ एखाद्या दरीत मावणारा नव्हता, एवढे उत्तर त्याला त्याच्याच वर्गमैत्रिणीने दिले.

संच घ्यावा की नाही, असे विचारणाऱ्यांना मी घ्यावा असेच सांगेन. पहिला फलक एकटाच अर्ध्याहून अधिक किमतीचा आहे. लगद्याचे दोन डबे एका वर्गाला पुरत नाहीत, म्हणून जादा दोन डबे बरोबरच मागवावेत. ते नंतर वेगळे मागवले तर पोचवण्याचा खर्च डब्यांहून जास्त होतो. पुस्तिका मुलांच्या हातात देण्यापूर्वी शिक्षकाने गोठलेल्या नदीचे वाक्य आणि क्षेत्रफळाचा तक्ता या दोन ठिकाणी कागद चिकटवून दुरुस्ती लिहावी. दुसऱ्या फलकाची शिखरे आधी झाकावीत आणि हिमक्षेत्र शिकवायचे असेल त्या दिवशीच उघडी करावीत. त्या दिवशी तो फलक अगदी अचूक ठरतो.